टीव्हीच्या नावाला किती पैसे मोजायचे?

वाचकाचं पत्र :

नमस्कार. आम्ही सांगलीत राहतो. घरात मी, माझे मिस्टर, कॉलेजात जाणारा मुलगा आणि सासू-सासरे. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, १९९८ मध्ये सोनीचा २१ इंची टीव्ही घेतला होता. तो २०१४ पर्यंत काही कुरकुर न करता चालला. मग सोनीचाच ३२ इंची आणला. तो महिन्यापूर्वी बिघडला. आवाज येतो, चित्र दिसत नाही. मला यंदा बोनस मिळालाय, त्यातून हॉलमध्ये मोठा टीव्ही घ्यायचाय. ४५ हजारांच्या वर जायचं नाही. अण्णा म्हणतात, घ्यायचा तर सोनीच, नाहीतर घेऊच नका. सोनीचा ४३ इंची दुकानात ४४ हजारांना सांगितला. मुलगा म्हणतो, ऑनलाइन ५५ इंची ३६ हजारांत मिळतोय, नावाला कशाला पैसे घालवायचे? दुकानदार तिसऱ्याच एका मोठ्या कंपनीचा ५० इंची ४१ हजारांना देतो म्हणतो. मिस्टर म्हणतात, तुमचं तुम्ही ठरवा. शेजाऱ्यांनी ऑनलाइन घेतलेला टीव्ही सव्वा वर्षात गेला आणि कंपनीचा माणूस शेवटपर्यंत आला नाही, म्हणून मलाही धाकधूक वाटते. पण नुसत्या नावासाठी जास्त पैसे द्यायचं जिवावर येतं. अण्णांचं वय ७६ आहे, त्यांना दुखवायचंही नाही. काय करू?

— एक वाचक, सांगली

ताई,

नव्या टीव्हीकडे वळण्याआधी जुन्याचं बघू. आवाज येतोय आणि चित्र दिसत नाही, म्हणजे टीव्ही संपलाच असं नसतं. रात्री खोलीतले दिवे मालवा, टीव्ही चालू करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरका धरून बघा. त्या उजेडात माणसं फिकट का होईना पण हलताना दिसली, तर पॅनल, म्हणजे खुद्द पडदा, शाबूत आहे. गेलाय तो मागचा बॅकलाइट, किंवा त्याला वीज पुरवणारा भाग. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो मुळात एलसीडीच असतो. पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, त्याच्या मागे बारक्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात, आणि त्यातला एक दिवा गेला तरी अख्खी माळ विझू शकते. या पट्ट्या बदलून मिळतात आणि नव्या टीव्हीच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ असतो. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला दाखवा. तोवर एक्स्चेंजच्या थोड्याशा पैशांसाठी तो टीव्ही देऊन टाकू नका. दुरुस्त झाला तर अण्णांच्या खोलीत लावा. हॉलमध्ये कुठलाही टीव्ही आला तरी अण्णांचा सोनी घरात राहील, आणि संध्याकाळच्या बातम्या आणि मुलाची मॅच एकाच वेळी आली तरी रिमोटवरून ओढाताण होणार नाही.

आता अण्णांचा आग्रह. तो नुसता हट्ट नाही, हे आधी मुलाला समजावून सांगा. अण्णांनी ज्या काळात सोनी घेतला त्या काळात टीव्ही म्हणजे पिक्चर ट्यूब होती, आणि ट्यूबट्यूबमध्ये खरोखर फरक होता. सोनीची ट्रिनिट्रॉन ट्यूब १९६८ मध्ये निघाली. इतरांच्या ट्यूबमध्ये काचेच्या आत बारीक भोकांचा पत्रा असायचा, ट्रिनिट्रॉनमध्ये त्याजागी उभ्या तारांसारखी जाळी होती. त्यामुळे जास्त इलेक्ट्रॉन काचेपर्यंत पोहोचायचे आणि चित्र उजळ यायचं. ती जाळी थरथरू नये म्हणून तिच्यावर आडवी तार ताणलेली असायची, आणि पडदा पांढरा झाला की तिची केसाएवढी रेघ दिसायची. अण्णांना विचारून बघा, त्यांना ती रेघ आठवत असेल. कित्येकांना तो बिघाड वाटायचा. तेव्हा सोनीला चार पैसे जास्त मोजले, तर त्या पैशांत सोनीने स्वतः बनवलेली एक वेगळी वस्तू घरी यायची. नाव आणि माल एकमेकांना घट्ट बांधलेले होते. अण्णांचा विश्वास तिथून आलाय, आणि त्या टीव्हीने सोळा वर्षं चालून तो खरा केलाय.

एलसीडी आल्यावर ही गाठ सुटली. पडदा ही बाहेरून विकत घ्यायची वस्तू झाली. सोनीने २००४ मध्ये सॅमसंगच्या भागीदारीत पॅनल बनवणारी कंपनी काढली होती, पण २०१२ च्या सुरुवातीला आपला हिस्सा सॅमसंगलाच विकून टाकला. तेव्हापासून सोनी पॅनल बाहेरून घेते. अगदी महागातल्या ओएलईडी (ज्यात पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) टीव्हीचेसुद्धा पडदे तिच्याकडे एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले या कोरियन कारखान्यांतून आलेले आहेत. पुढे २०२२ मध्ये सॅमसंग डिस्प्लेनेही एलसीडी पॅनल बनवणं थांबवलं. आज जगातली बहुतेक एलसीडी पॅनल चीनमधल्या बीओई, सीएसओटी, एचकेसी अशा मोजक्या कंपन्यांकडून येतात. म्हणजे तुम्ही पाहताय त्या तिन्ही टीव्हींचे पडदे एकाच गावातून निघालेले असणं अशक्य नाही.

आणि नावांचं तर काय सांगू! कोडॅक म्हटलं की आपल्या पिढीला कॅमेऱ्याचा पिवळा रोल आठवतो, थॉमसन हे फ्रान्सचं नाव, ब्लाउपुंक्ट जर्मनीचं. भारतात या तिन्ही नावांचे टीव्ही नोएडाची सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही एकच कंपनी परवान्यावर बनवत आली आहे. तोशिबाचा टीव्हीचा धंदा २०१८ मध्ये चीनच्या हायसेन्सने घेतला. फिलिप्सच्या टीव्हीचा भारतातला परवाना २०१० मध्ये कुणी घेतला होता, ठाऊक आहे? आपल्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने. मराठवाड्यात चितेगावच्या कारखान्याचा अभिमान म्हणून कित्येक घरांनी वर्षानुवर्षं व्हिडिओकॉनशिवाय दुसरा टीव्ही घेतला नाही, आणि २०१८ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. त्या घरांची निष्ठा खोटी नव्हती. पण निष्ठा ज्या नावावर होती, ते नाव त्यांच्या टीव्हीच्या वॉरंटीमागे उभं राहायला उरलं नाही.

परवान्यावर बनलेला टीव्ही वाईटच असतो असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण तिथे जुन्या नावाच्या पुण्याईवर भरवसा ठेवू नका. आज तो टीव्ही कोण बनवतं, भारतात कोण विकतं आणि बिघडल्यावर फोन कोण उचलतं, एवढंच विचारा. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात उत्पादकाचं नाव, पत्ता आणि ग्राहक सेवेचा नंबर छापलेला असतो. समोरचं मोठं नाव वाचून झालं की ती बाजू वाचायची.

मग सोनीला किंवा कुठल्याही मोठ्या नावाला जास्त पैसे देण्यात आता अर्थच नाही का? आहे, पण तो कुठे आहे ते ओळखायला हवं. तुमच्या घरात दिवसाचे जास्तीत जास्त तास टीव्हीवर काय चालतं? माझा अंदाज, संध्याकाळच्या मराठी मालिका, बातम्या आणि क्रिकेट, तेही केबलच्या सेट-टॉप बॉक्सवरून. साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या चॅनेलचं चित्र ५७६ ओळींचं असतं. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर २१६० ओळी असतात. मधल्या सगळ्या ओळी टीव्हीच्या आतल्या प्रोसेसरला स्वतः अंदाजाने भराव्या लागतात. हे काम चांगलं झालं तर चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. वाईट झालं तर गालावर मेण फासल्यासारखं दिसतं आणि साडीच्या काठाची नक्षी एकमेकांत मिसळून जाते. सोनीचा हात इथे चांगला आहे हे मी मोकळेपणाने सांगेन. साध्या चॅनेलला सुधारून दाखवण्यात आणि माणसाच्या कातडीचा रंग खरा ठेवण्यात ती कंपनी अनेकांच्या पुढे आहे. अण्णांचा डोळा ‘सोनीचं चित्र वेगळं दिसतं’ म्हणत असेल, तर ते निव्वळ मनाचे खेळ समजू नका.

पण याच अडचणीवर एक स्वस्त उपायही आहे. तुमच्या केबलवाल्याला किंवा डिशवाल्याला फोन करून एचडी बॉक्स आणि तुमच्या घरात रोज लागणाऱ्या पाच-सहा चॅनेलचं एचडी पॅक घ्या. १०८० ओळींचं चित्र आत आलं की प्रोसेसरला अंदाज बांधायचं काम खूप कमी उरतं, आणि साध्या टीव्हीवरसुद्धा चित्र एकदम मोकळं दिसतं. मी पाहिलंय, लोक साठ-सत्तर हजारांचा फोर-के टीव्ही आणतात, त्याला दहा वर्षांपूर्वीचा बॉक्स जोडतात, तोही लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या वायरने, आणि मग टीव्हीला नावं ठेवतात. एचडी बॉक्स आणि एचडीएमआय वायर (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी) हा खर्च आधी धरा. तो धरला की सोनीच्या त्या खास गुणाची तुमच्या घरातली किंमत बरीच खाली येते.

आता आकाराचं बोलू, कारण तो अण्णांच्या बाजूचा प्रश्न आहे आणि पत्रात तुम्ही त्या बाजूने त्याला हातच लावलेला नाही. अण्णा बसतात ती खुर्ची टीव्हीच्या भिंतीपासून किती लांब आहे, टेपने मोजा. आपल्याकडच्या हॉलमध्ये हे अंतर बहुधा आठ ते दहा फूट भरतं. ५० इंची पडद्याचं क्षेत्रफळ ४३ इंचीपेक्षा साधारण ३५ टक्क्यांनी जास्त असतं, ५५ इंचीचं ६४ टक्क्यांनी. शहात्तराव्या वर्षी, कदाचित मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना, नऊ फुटांवरून स्कोअर आणि खालची बातम्यांची पट्टी वाचायची असेल, तर हा फरक कुठल्याही प्रोसेसरपेक्षा जास्त कामाचा आहे. अण्णा सोनी मागतायत, पण त्यांच्या डोळ्यांची गरज मोठ्या पडद्याची आहे. ही गोष्ट त्यांना कुणी सांगून पटणार नाही, त्यांना दाखवावी लागेल. ते कसं, त्याकडे येतेच.

मुलाचा ५५ इंची मात्र मी घेऊ देणार नाही, आणि त्याला कारण तुम्हीच लिहिलंय. हिशेब सरळ आहे. ३६ हजारांचा टीव्ही सहा वर्षं चालला तर वर्षाला ६ हजार पडले. ४४ हजारांचा सोनी त्याच हिशेबात बसायला सव्वासात-साडेसात वर्षं चालावा लागेल, आणि तुमचा मागचा त्याहून बराच जास्त चालला. पण तो ५५ इंची शेजाऱ्यांच्यासारखा सव्वा वर्षात गेला, तर वर्षाला २८,८०० रुपये पडले. स्वस्त टीव्ही सगळेच लवकर जातात असं नाही, चांगले चाललेलेही मी खूप पाहिले आहेत. धोका आहे तो गेल्यावर काय होतं यात. ऑनलाइनच विकणाऱ्या कंपन्यांतल्या काहींची सेवा पुण्या-मुंबईत ठीक असते, पण सांगली, मिरज, कुपवाडपर्यंत येता येता ती एखाद्या तिसऱ्याच एजन्सीच्या हातात जाते. मोबाइलच्या एक-दोन कंपन्या टीव्हीच्या बाजारात वाजतगाजत आल्या आणि चार-पाच वर्षांत बाहेरही पडल्या. टीव्ही ही दहा वर्षं भिंतीवर राहणारी वस्तू आहे. ती विकणाराही दहा वर्षं राहील असं दिसायला हवं.

म्हणून माझ्या मते नावाची खरी किंमत आता सर्व्हिसमध्ये आहे, आणि ती गावागणिक बदलते. नाशिकला जी कंपनी उत्तम सेवा देते ती तुमच्याकडे देईलच असं नाही. एक सकाळ यासाठी काढा. सोनीचं आणि त्या ५० इंचीवाल्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर सांगली-मिरजेत आहे की माणूस कोल्हापूरहून येतो, ते विचारा. सेंटर गावात असेल तर स्वतः जाऊन या. दुरुस्तीला आलेल्या टीव्हींवर तारखांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात, त्या वाचल्यात तर किती दिवस काम पडून राहतं ते कळेल. मग तुमच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे जा आणि विचारा, ‘कुठल्या कंपनीचे बोर्ड आणि पट्ट्या तुम्हाला सहज मिळतात?’ तो जे नाव घेईल ते जाहिरातीतल्या कुठल्याही नावापेक्षा भारी. टीव्हीत बिघडतं ते बहुतेक पॉवर बोर्ड, मेन बोर्ड किंवा बॅकलाइट, आणि हे भाग मिळत असतील तर टीव्ही जगतो. पॅनल गेलं तर मात्र वॉरंटीबाहेर कुणीच वाचवत नाही, कारण नुसत्या पॅनलची किंमत टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याहून वर जाते. म्हणून वॉरंटी एक वर्षाची आहे की दोन-तीन, आणि त्यात पॅनल धरलंय का, एवढं लेखी बघा. जादा पैसे भरून वाढवून मिळणारी वॉरंटी घ्यायची असेल तर टीव्हीच्या कंपनीची घ्या. दुकानाची किंवा भलत्याच कुणाची असेल तर तक्रारीच्या वेळी दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

तर तुमच्यापुढे सोनी ४३ आणि दुसऱ्या मोठ्या कंपनीचा ५० असे दोन उरले. दोघांची सेवा गावात सारखी असेल तर मी तुमच्या जागी ५० इंची घेईन. सेवा सोनीचीच चांगली निघाली तर सोनी घ्या आणि तीन हजारांचं वाईट वाटून घेऊ नका.

पण त्याआधी अण्णांना दुकानात न्या. कृपा करून त्यांना घरी बसवून टीव्ही आणू नका. ज्यांनी या घरात पहिला टीव्ही आणला त्यांना नव्या टीव्हीचं खोकं दारात आलेलं बघून कळावं, हे बरं दिसत नाही. रविवारची गर्दी टाळा, कामाच्या दिवशी सकाळी जा. घरी मोजलेलं अंतर सोबत न्या आणि तेवढ्याच लांब खुर्ची ठेवून अण्णांना बसवा. दुकानात जे चित्र चालू असतं, पोपट, फुलं, धबधबे, ते पाहून काही ठरवू नका. ते खास फोर-केमध्ये केलेलं असतं आणि त्यावर सगळेच टीव्ही देखणे दिसतात. दुकानदाराला सांगा, दोन्ही टीव्हींना सेट-टॉप बॉक्स जोडा आणि एकच मराठी बातम्यांचं साधं चॅनेल लावा. खालून धावणारी पट्टी बघा. देवनागरीच्या शिरोरेषेइतकी चांगली परीक्षा नाही. टीव्ही कच्चा असेल तर धावताना ती रेघ तुटते, पायऱ्या पायऱ्या दिसतात, आणि जोडाक्षरं एकमेकांत जातात. मग एखादी मालिका लावा आणि नायिकेच्या नथीकडे आणि केसांच्या कडेकडे बघा. क्रिकेट चालू असेल तर जमिनीवरून सीमारेषेकडे जाणारा चेंडू बघा, त्याला शेपूट दिसते का.

आणखी एक बघायचं, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. तुमच्या सासूबाई भाजी निवडताना स्वयंपाकघराच्या दारातून टीव्ही बघत असतील, तर दुकानात समोरून उठून तेवढ्याच तिरक्या जागी उभ्या राहा. काही पॅनल समोरून फार छान, गडद काळं दाखवतात, पण बाजूने बघितलं की रंग धुतल्यासारखे होतात. काहींचं काळं थोडं राखाडी असतं पण बाजूनेही चित्र टिकतं. दोन्ही चांगलीच, फक्त तुमच्या घरात कोण कुठे बसतं यावर ठरवायचं. दिवसा दार उघडं असणारा उजेडाचा हॉल असेल तर हेही ध्यानात ठेवा की या किमतीतल्या बऱ्याच टीव्हींची चमक २५०-३०० निट्सच्या (निट हे चमक मोजायचं माप) आसपास असते. खोक्यावर एचडीआर (उजेड-अंधाराचा फरक जास्त ठसठशीत दाखवण्याची सोय) लिहिलेलं असलं तरी एवढ्या चमकेत त्याचा खरा परिणाम दिसत नाही, त्यामुळे त्या अक्षरांना जादा पैसे मोजू नका.  यूट्यूब, ओटीटी वगैरे उघडायला टीव्ही रेंगाळतोय का, ते मुलाला तपासू द्या. ते त्याचं खातं. चार-पाच वर्षांनी टीव्हीचं सॉफ्टवेअर थकलं तरी काही हजारांची स्टिक (टीव्हीच्या मागे खोचायची, इंटरनेटवरचं दाखवणारी कांडी) लावून तेच काम होतं, फक्त त्यापायी टीव्ही बदलायला निघू नका.

हे सगळं झालं की अण्णांच्या हातात रिमोट द्या आणि गप्प बसा. मला वाटतं नऊ फुटांवरून ५० इंची पडद्यावरचा स्कोअर वाचता आला की ते स्वतःच बोलतील. कदाचित म्हणतील, ‘माणसं सोनीतच बरी दिसतात.’ तसं म्हणाले तर ऐका. पैसे तुमचे आहेत हे खरं, पण त्या टीव्हीपुढे दिवसाचे सगळ्यात जास्त तास तेच बसणार आहेत, आणि पारखून केलेली निवड नुसत्या नावाला चिकटून केलेल्या निवडीपेक्षा वेगळी असते, मग ती त्याच नावाची का असेना. त्यांना मनातून भीती कशाची आहे, हेही वाटेत विचारून घ्या. पुष्कळ वेळा वयस्कर माणसांना नवा रिमोट जमणार नाही, चॅनेल सापडणार नाही, याची धास्ती असते आणि ती ‘सोनीच हवा’ या शब्दांत बाहेर पडते. तसं असेल तर टीव्ही सुरू झाला की थेट सेट-टॉप बॉक्सचंच चित्र यावं, अशी सोय बऱ्याच टीव्हींच्या सेटिंगमध्ये असते. ती मुलाकडून पहिल्याच दिवशी लावून घ्या.

भावाचं थोडं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलाय. जुन्या करात जो टीव्ही ४५ हजारांना मिळायचा तो आता साधारण साडेएकेचाळीस हजारांना मिळायला हवा. कुणी जुन्या किमतीवर ‘खास सूट’ दाखवत असेल तर हा आकडा मनात धरून बोला. ऑनलाइन आणि दुकान यांच्या किमती ताडून बघताना नाव न बघता पूर्ण मॉडेल नंबर बघा. शेवटचं एखादं अक्षर वेगळं असलं तरी आतला माल वेगळा असू शकतो, आणि काही मॉडेलं खास ऑनलाइन सेलसाठीच काढलेली असतात. बिनव्याजी हप्ते घेणार असाल तर प्रोसेसिंग फी किती, आणि रोख दिले तर किती कमी होतात, ते दोन्ही विचारा. व्याज बहुतेक त्या फरकात दडलेलं असतं.

खोकं कंपनीचा माणूस आल्यावरच, त्याच्यासमोर उघडा. पूर्ण पांढरा, पूर्ण काळा आणि पूर्ण लाल-हिरवा-निळा पडदा लावायला सांगा आणि एखादा ठिपका मेलेला दिसतो का बघा. बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या आणि त्याच दिवशी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते. पुढे काही बिनसलं आणि कंपनी दाद देईना, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे काम झालं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात करता येते, कंपनी कुठलीही असो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. शेजाऱ्यांनाही हे सांगा. त्यांच्या टीव्हीचं बिल अजून असेल आणि बिघाड वॉरंटीतला असेल, किंवा त्यांनी वॉरंटीत तक्रार नोंदवली असेल, तर दाद मागायला दोन वर्षांची मुदत असते.

टीव्ही भिंतीवर चढला की चित्राचा मोड ‘व्हिव्हिड’वरून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’वर आणा आणि बॅकलाइट थोडा उतरवा. डोळ्यांना बरं, वीज कमी, आणि पट्ट्याही जास्त टिकतात. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग जमले की टीव्हीचा प्लग काढाच, पण त्याबरोबर केबलची वायरही बॉक्समधून काढून ठेवा. वीज त्या वायरीवरूनही येते, आणि एचडीएमआयच्या वाटेने मेन बोर्ड घेऊन जाते.